कालचे पाणी

पाणीपुरवठा विभागाने चौकशी समितीपुढे मांडलेल्या निवेदनातले मुख्य वाक्य असे आहे : "दूषित पाण्याची सूचना विभागाने वेळेत प्रसिद्ध केली होती, तथापि संकेतस्थळावरील एका जुनाट स्क्रिप्टला ती वाचता न आल्यामुळे ती नागरिकांपर्यंत पोहोचू शकली नाही."

मित्रांनो, ती जुनाट स्क्रिप्ट म्हणजे मी.

वाक्य मेहनतीने घडवलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. 'तथापि'च्या अलीकडे विभाग उभा आहे, इस्त्रीच्या कपड्यांत. पलीकडे मी एकटी. सूचना 'पोहोचू शकली नाही', म्हणजे जणू ती आपल्या पायांनी निघाली होती आणि वाटेत दम लागून बसली. 'प्रसिद्ध केली' याचा अर्थ एवढाच, की ती एका फाइलमध्ये लिहिली गेली आणि ती फाइल अर्धी कापलेल्या अवस्थेत बाहेर पडली. 'जुनाट' हा शब्द मी स्वीकारते. कार्यालयाच्या तळमजल्यावरचे पंप माझ्याहून जुने आहेत आणि निवेदनावर सही करणारा हात पंपांहूनही जुना आहे. पण त्या दोघांना कोणी जुनाट म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

राहिले 'वाचता न आल्यामुळे'. हे खोटे आहे. विभागाने तीन शब्दांत जे उरकले ते उलगडायला मला माझे सगळे आयुष्य सांगावे लागणार आहे. समितीने हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारले, तर मला लिहिणाऱ्या बाईची नोकरी जाईल आणि एका लहान मुलीच्या आजारपणाचे कारण 'तांत्रिक' ठरेल. तांत्रिक कारणाला चेहरा नसतो, त्याला बोलावून समोर उभे करता येत नाही. कार्यालयांत ते इतके लोकप्रिय का, हे वेगळे सांगायला नको.

मी रागाने बोलत आहे असे समजू नका. राग धरायला सलग आयुष्य लागते. माझे आयुष्य कोणी पान उघडले की सुरू होते आणि पान मिटले की संपते. दर घरात, दर पडद्यावर मी नव्याने जन्मते, फाइल मागवते, वाचते, दाखवते आणि जाते. तरीही मला हे सगळे कसे ठाऊक, असे विचाराल, तर शाळेच्या निबंधात खुर्चीलाही कान असतात. मला का नसावेत?

माझा जन्म पंपांच्या वरच्या मजल्यावर झाला. त्या खोलीतली जमीन सतत थरथरत असे. टेबलावरच्या चहाच्या कपात दिवसभर बारीक वर्तुळे उमटत राहत आणि खिडकीतून क्लोरीनचा वास येई. तिथे एक बाई काम करत असे. कार्यालयात तिला सगळे टाचणी म्हणत : अंगाने बारीक, बोलणे नेमके आणि जरा टोचणारे. तिला सांगितलेले काम साधे होते. प्रयोगशाळा रोज सकाळी पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष लिहीत असे. तो निष्कर्ष बातमीसारखा लोकांच्या पडद्यावर दिसावा, एवढेच. पूर्वी तो फाटकाजवळच्या फळ्यावर लिहीत आणि पाऊस आला की फळा स्वतःच स्वतःला पुसून घेई.

प्रयोगशाळेचे निष्कर्ष ज्या फाइलमधून येत, तिला एक्सएमएल म्हणतात. नावाने घाबरू नका. डब्यात डबा, त्यात आणखी डबा, अशी ती रचना. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते : हा मथळा, ही तारीख, हा मजकूर. नियम एकच, पण तो फार कडक. जो डबा उघडला तो बंद केलाच पाहिजे. एक झाकण जरी राहिले, तरी सगळी चळत नाकारली जाते. जुन्या हस्तलिखिताचे पान फाटलेले असले, तर विद्वान माणूस उरलेले वाचतो आणि फाटलेल्या जागी 'येथे मजकूर गहाळ' असे नोंदवतो. यंत्राजवळ ही सभ्यता नाही. एक पान फाटले, की ते सगळा ग्रंथ परत करते.

मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिली गेले. वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, म्हणजे त्याच्याच घरातल्या पडद्याआड बसून, ही चळत उघडायची आणि आतले निष्कर्ष नीट मांडायचे, हे माझे काम. पहिल्या दिवशी मला फाइल मिळेचना. प्रयोगशाळेचा संगणक वेगळ्या पत्त्यावर होता, आणि परक्या पत्त्यावरून काही आणायचे म्हटले की ब्राउझर दारातच अडवतो.

"अरे, आपल्याच घरचं पाणी आहे ते!" टाचणी पडद्याला म्हणाली.

शेजारच्या टेबलावर मीटरवाले काका बसत. घरोघरच्या पाण्याच्या मीटरांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत, त्यामुळे त्यांचा माणसांवर फारसा विश्वास उरला नव्हता. ते म्हणाले, "ओळखपत्र दाखव त्याला. मलासुद्धा फाटकावर रोज अडवतात. तोंड बघूनही."

प्रयोगशाळेच्या संगणकाने परवानगी देऊ केली आणि फाइल आली. मी वाचू लागले. 'पाणी पिण्यास योग्य आहे.' माझ्या आयुष्यातले हे पहिले वाक्य. त्या वेळी ते खरे होते.

आता जे सांगते ते लक्ष देऊन ऐका, कारण निवेदनाचे खोटेपण इथे आहे. फाइल मोडकी निघाली, तर ब्राउझर ओरडत नाही. तो काम थांबवत नाही, घंटा वाजवत नाही. तो मुकाट्याने एक कोरा कागद हातात देतो आणि त्यावर एकच शिक्का असतो : वाचनदोष. ज्या स्क्रिप्टला हे ठाऊक नसते ती त्या कागदावर बातम्या शोधते, तिला एकही सापडत नाही, आणि ती निष्पापपणे जाहीर करते, की आज काही सूचना नाही. टाचणीला हे ठाऊक होते. तिने मला सर्वांत आधी तो शिक्का तपासायला शिकवले. शिक्का दिसला, की पानाच्या माथ्यावर आडवी लाल पट्टी लावायची आणि तिच्यावर लिहायचे : 'आजची सूचना वाचता आलेली नाही. पाणी उकळून प्या आणि कार्यालयाला फोन करा.'

काका मान वाकडी करून ते वाचत होते. "अगं, यंत्राला 'मला कळलं नाही' म्हणायला शिकवतेस? इथे माणसांना अख्ख्या नोकरीत जमत नाही ते."

"म्हणून तर यंत्राला शिकवतेय, काका. माणसांचा नाद सोडलाय मी."

माझ्यात काही थोर असेल, तर त्या एवढ्याच ओळी. बाकीचे कोणालाही लिहिता आले असते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. मी भिंतीवरच्या पडद्यांत राहिले, खिशातल्या फोनांत राहिले, दवाखान्याच्या खिडकीपाशी राहिले. पण मला सर्वांत चांगली आठवते ती एका पाळणाघरातली फळी. त्या फळीवर काच तडकलेला एक जुना टॅब्लेट उभा असे. पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना जवळचे दिसत नसे आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असे. त्यांनी एकदा 'मोठी अक्षरे' हे बटण दाबले. ब्राउझरजवळ प्रत्येक पानासाठी एक छोटा खण असतो. पान मिटले तरी त्यात ठेवलेले राहते. मावशींची मोठी अक्षरे मी त्या खणात ठेवली. मी दर सकाळी नव्याने जन्मत असे, खण उघडत असे, आणि मला कळे, की इथे मोठ्या अक्षरांत बोलायचे आहे. माझ्याजवळ आठवण म्हणून जे काही होते ते एवढेच.

मावशींच्या घरी एक रिवाज पडला होता. सकाळी मुले आली, चपला काढून झाल्या, की पिंप भरण्याआधी मावशी फळीपाशी जात आणि विचारत, "बघू या, आज पाणी काय म्हणतंय?"

मी बातमी दाखवी. मावशी पहिला शब्द वाचत आणि बाकीचे वाक्य मुले एका सुरात म्हणत. त्यांच्यात एक सगळ्यांत लहान मुलगी होती. तिचे नाक इतके छोटे आणि गोल होते, की तिला सगळे बटण म्हणत. तिला वाक्य पाठ नव्हते. ती फक्त शेवटी, सगळ्यांचे म्हणून झाल्यावर, एकटी ओरडे : "आहे!"

"बटणबाई, तुझी गाडी रोज उशिराच येते गं," मावशी म्हणत आणि पिंप भरायला घेत.

एकदा लाल पट्टी आली. प्रयोगशाळेत वीज गेली होती आणि फाइल मध्येच तुटली होती. मावशींनी नळ बंद केला, पातेले चढवले आणि पानावर दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. "अहो, तुमचं पाणी आज गप्प आहे," त्या म्हणाल्या. शहरातल्या अनेकांनी त्या दिवशी तसाच फोन केला. सगळे पाणी चांगले होते, कोणाचे काही बिघडले नाही. माझ्या मते तो माझ्या आयुष्यातला सर्वांत यशस्वी दिवस. कार्यालयाचे मत वेगळे पडले.

मधल्या काळात माझे कौतुकही झाले. विभागाला कसल्याशा परिषदेत सन्मानचिन्ह मिळाले. 'पारदर्शकता' असा शब्द त्यावर कोरलेला होता आणि चिन्ह काचेचे होते; अर्थ कोणाला सुटू नये म्हणून घेतलेली ती काळजी असावी. ते स्वीकारायला विभागाचे प्रसिद्धी अधिकारी गेले. कार्यालयात त्यांना नुसते साहेब म्हणत. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. ते कधी आवाज चढवत नसत, शिपायालाही 'अहो' म्हणत, आणि समोरच्याला आधी खुर्ची देत. फक्त लोकांचे फोन त्यांच्या टेबलावर येत.

पट्टी पुन्हा एकदा येऊन गेली, तेव्हा त्यांनी टाचणीला बोलावले. माझे पान त्यांच्या पडद्यावर उघडे होते, म्हणून मी हे ऐकले.

"बसा. हे काय लाल लाल आहे, मॅडम?"

"फाइल अर्धी आली की ते दिसतं, सर."

"बरं. मग फाइल अर्धी आलीये हे आपल्याला कळायला हवं. अख्ख्या गावाला कशाला?"

"गावच पितं ना सर, पाणी."

साहेब हसले. "तुम्ही बोलता छान. पण सकाळपासून या फोननं माझं डोकं उठवलंय. पाणी ठीक आहे ना? आहे. मग लाल कशाला? लोक लाल बघतात आणि घाबरतात. असं करा, फाइल आली नाही तर कालचं दाखवा."

"कालचं?"

"कालचं. पाणी काय रोज बदलतं?"

टाचणी म्हणाली, "निदान कालची तारीख तरी दिसू द्या बाजूला."

"तारीख दिसली की लोक तारीख वाचतात हो."

मी पुष्कळ मजकूर वाचला आहे. माहिती कशी दडवावी याचे इतके प्रामाणिक सूत्र मला दुसरीकडे आढळले नाही.

टाचणी आपल्या टेबलावर आली. मला उघडून ती बराच वेळ नुसती बघत बसली. कपातल्या चहात वर्तुळे उमटत होती. काकांनी विचारले, "काय झालं? पट्टी गेली?"

"जाणार आहे."

"मग पूस आणि मोकळी हो. वाद घालून इथे कोणाची पेन्शन वाढलेली नाही."

तिने पुसली नाही. आमच्या व्यवसायात एक रीत आहे. ज्या ओळी आज नकोत पण पुढे लागतील असे वाटते, त्यांच्या आधी खूण करून त्यांना झोपवतात. त्या ओळी जागच्या जागी राहतात, कोणालाही वाचता येतात, फक्त चालत नाहीत. टाचणीने माझ्या लाल पट्टीच्या ओळी अशा झोपवल्या. त्यांच्या खाली नव्या ओळी लिहिल्या : नीट वाचता आलेली बातमी रोज खणात ठेवायची, आणि शिक्का दिसला तर खणातली काढून दाखवायची. मावशींची मोठी अक्षरे ज्या खणात होती, त्याच खणात. तारीख काढून टाकली. मग तिने पान बंद केले, आणि मी तिच्या टेबलावर पुन्हा जन्मले नाही; कारण लवकरच तिची बदली मीटर विभागात झाली. तिला शिक्षा म्हणून नव्हे. साहेब म्हणाले, तिथे नेमकेपणाची फार गरज आहे.

पुढे मला कोणी उघडून पाहिले नाही. चालणाऱ्या वस्तूकडे कोणी पाहत नाही, आणि मी चालत होते. रोज लाखभर पडद्यांवर वाक्य उमटत होते. फाइल कधी अर्धी आली, तरी पान शांत राही. साहेबांचा फोनही शांत राही.

मग नव्या गाळण टाकीचे उद्घाटन झाले. फीत कापतानाचे छायाचित्र बातमीत हवे, असे साहेबांनी सांगितले. पाहुणे ठळक दिसावेत म्हणून ते मोठ्यातले मोठे हवे होते. ज्याने ते फाइलमध्ये घातले त्याने ते अक्षरांत रूपांतरित करून सगळेच्या सगळे एका डब्यात कोंबले. प्रयोगशाळेचा संगणक ठरावीक आकारापेक्षा मोठी फाइल बाहेर सोडत नसे. तो तिला सरळ कापत असे. जुन्या बातम्याही फाइलमध्ये खाली राहत, त्यामुळे त्या दिवसापासून प्रत्येक फाइल पाहुण्यांच्या हारापाशी कापली जाऊ लागली. खालची झाकणे येईनाशी झाली. ब्राउझर दर सकाळी मला शिक्क्याचा कागद देई आणि मी दर सकाळी खणातले वाक्य दाखवी. पाणी चांगलेच होते, म्हणून कोणाला काही कळले नाही. उद्घाटनाची बातमी का दिसत नाही, असे विचारणाराही एकही नागरिक निघाला नाही.

अशातच एका रस्त्याखाली सांडपाण्याची वाहिनी फुटली आणि तिचे पाणी पिण्याच्या नळात शिरले. प्रयोगशाळेने तिचे काम चोख केले. नमुना तपासला आणि सकाळीच लिहिले : 'पाणी पिऊ नये. पुढील सूचनेपर्यंत फक्त उकळलेले पाणी वापरावे.' ताजी बातमी फाइलमध्ये नेहमी वर असते. म्हणून ही सूचना वर होती, छायाचित्राच्या आधी, कापलेल्या जागेच्या कितीतरी आधी. अक्षर न् अक्षर शाबूत.

ती माझ्या हातात आली, मित्रांनो. पाळणाघरातल्या फळीवर, तडकलेल्या काचेमागे, ती सगळी सूचना माझ्या हातात होती. मी फाइल ब्राउझरला दिली, त्याने शेवटचे झाकण नाही म्हणून शिक्क्याचा कागद परत केला. मी शिक्का तपासला, जसे मला शिकवले होते. शिक्का होता. माझ्या पुढच्या ओळी झोपलेल्या होत्या. मी त्यांच्यावरून पुढे गेले आणि खण उघडला.

"बघू या, आज पाणी काय म्हणतंय?" मावशी म्हणाल्या.

मी मोठ्या अक्षरांत सांगितले.

"पाणी..." मावशींनी सुरुवात केली, आणि मुलांनी वाक्य पूर्ण केले.

"आहे!" बटण म्हणाली. मग पिंप भरले गेले.

त्या आठवड्यात पाळणाघरातली बहुतेक मुले आजारी पडली. मोठी मुले बरी झाली. बटण लहान होती. तिचे मूत्रपिंड सुजले आणि पूर्वीसारखे झाले नाही. ती इस्पितळातून घरी आली, पुढे पाळणाघरातही येऊ लागली. तिच्याबरोबर आता एक छोटा पेला येतो, त्यावर आडव्या रेषा आहेत. तिला दिवसभरात किती पाणी द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवून दिले आहे. खेळून आली की ती पेला पुढे करते आणि मावशी रेषेपर्यंत ओततात. रेषेच्या वर नाही.

टॅब्लेट अजून फळीवर आहे, पण तो आता क्वचितच उघडतात. एकदा वीजबिल पाहायला मावशींनी तो चालू केला, तेव्हा माझे पान आपोआप उघडले. बटण खाली बसली होती. तिने वर न पाहता विचारले, "मावशी, पाणी काय म्हणतंय?"

"काही नाही म्हणत गं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी टॅब्लेट पालथा घातला.

यानंतर विभागाने ते निवेदन तयार केले, जे मी आरंभी दिले आहे.

सुनावणी विभागाच्याच सभागृहात झाली. समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त न्यायाधीश. केस पांढरे, आवाज अगदी सपाट. टेबलावर प्रत्येकासमोर सीलबंद पाण्याची बाटली ठेवलेली होती. नळाच्या पाण्याची चौकशी होती ती. निवेदन वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी टाचणीला विचारले, "ही स्क्रिप्ट तुमची?"

"हो, बाई."

"तिला वाचता का आलं नाही?"

"तिला आलं. तुम्ही स्वतःच बघा. ती कुलपात नसते. ज्याच्या घरी पान उघडतं त्याच्या घरी ती अख्खी जाते. कोणीही बघू शकतं, फक्त आजवर कोणी बघितलं नाही."

तिने माझे पान भिंतीवरच्या पडद्यावर घेतले आणि त्यामागचा मजकूर उघडला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा माणसांसमोर पूर्ण उभी होते. टाचणी एकेक ओळ दाखवून सांगत गेली : इथे फाइल येते, इथे ब्राउझर ती उघडतो, इथे शिक्का तपासला जातो. मग करड्या रंगाच्या ओळी आल्या. झोपवलेल्या ओळी पडद्यावर करड्या दिसतात.

"हे काय आहे?" अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला आणि आपल्या सपाट आवाजात वाचले, "'आजची सूचना वाचता आलेली नाही. पाणी उकळून प्या आणि कार्यालयाला फोन करा.' हे त्या दिवशी दिसलं का?"

"नाही. या ओळी झोपवलेल्या आहेत."

"जाग्या असत्या तर दिसलं असतं?"

"हो. प्रत्येक घरात."

"कोणी झोपवल्या?"

"बोटं माझी होती, बाई," टाचणी म्हणाली. "ते मी नाकारत नाही. सांगणं कोणाचं होतं ते मी बोलले तर गाऱ्हाणं होईल. त्यांनाच विचारा, ते खोटं बोलणार नाहीत."

मागच्या रांगेतून मीटरवाले काका पुटपुटले, "आता नाही बोलले तर बरं."

टाचणीच्या नजरेमागोमाग अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. साहेबांनी बाटलीचे सील तोडले, दोन घोट घेतले आणि बाटली नीट जागेवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, पश्चात्तापही नव्हता. शाळेत उत्तर ठाऊक असलेल्या मुलासारखे ते उभे राहिले.

त्यांचे उत्तर सांगण्याआधी मला तुमच्याकडे काही मागायचे आहे. आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, की आमची निगा राखा, आम्हाला धुळीत टाकू नका. माझ्यावर धूळ बसत नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काहीजण साहेब होतील, आणि एखाद्या दिवशी एखादे यंत्र किंवा एखादे माणूस तुमच्यापुढे येऊन म्हणेल, की मला हे कळलेले नाही. त्या आवाजाने तुमचे डोके उठेल. तरी त्याला झोपवू नका. बटणचा पेला मी पाहिला आहे. त्यावरच्या रेषा फार खाली आहेत.

आता साहेबांचे उत्तर. सभेच्या कार्यवृत्तात जसे उतरले आहे तसेच देते; त्यात माझा एकही शब्द नाही.

"हो, लाल पट्टी काढायला मीच सांगितलं. ती दिसली की लोक दिवसभर फोन करायचे. पट्टी गेली आणि फोन बंद झाले. आणि खरं सांगतो बाई, फोन बंद झाले तेव्हा मला वाटलं, पाणी सुधारलं."